लॅपटॉपमधील स्मृतिवृद्धी

लॅपटॉपमधील स्मृतिवृद्धी म्हणजे वापरात असलेल्या लॅपटॉप संगणकाची मुख्य स्मृती, अर्थात रॅम, मूळ क्षमतेपेक्षा वाढवणे होय. व्यवहारात याला नुसते ‘रॅम वाढवणे’ असे म्हणतात. जुनी पट्टी काढून तिच्या जागी अधिक क्षमतेची पट्टी बसवणे किंवा रिकाम्या स्लॉटमध्ये आणखी एक पट्टी घालणे, एवढेच हे काम वरकरणी असते. हात बसलेल्या माणसाला त्यास दहा-पंधरा मिनिटे पुरतात. तथापि कोणत्या लॅपटॉपमध्ये किती व कोणती रॅम चालेल, हे केवळ स्लॉटच्या आकारावरून ठरत नाही. स्लॉट, पट्टीवरील चिपांची घनता, स्मृतिनियंत्रक, बायोस आणि संचालन प्रणाली या प्रत्येकाची आपापली मर्यादा असते आणि त्यांतील सर्वांत तोकडी मर्यादा हीच त्या लॅपटॉपची खरी मर्यादा ठरते. पैसे खर्चूनही वाढीव रॅम उपयोगात न येण्यामागे बहुधा यांपैकी एखाद्या मर्यादेकडे झालेले दुर्लक्ष असते.

प्रस्तुत लेखात मुख्यतः २००६ ते २०१५ या काळात तयार झालेल्या लॅपटॉपांचा विचार केला आहे. रॅम बदलता येणारे परंतु आता जुने झालेले बहुसंख्य लॅपटॉप याच काळातील आहेत.

पार्श्वभूमी

संगणकाच्या मुख्य स्मृतीसाठी वापरली जाणारी डायनॅमिक रॅम ही आयबीएममधील अभियंते रॉबर्ट डेनार्ड यांच्या कल्पनेतून साकारली. त्यांना तिचे अमेरिकी एकस्व १९६८ मध्ये मिळाले. या प्रकारात प्रत्येक बिट एका सूक्ष्म धारित्रातील विद्युतभाराच्या रूपाने साठवला जातो. हा भार गळत असल्याने तो ठरावीक काळाने पुन्हा भरावा लागतो. सर्वसाधारण तापमानात संपूर्ण चिपसाठी हा काळ ६४ मिलिसेकंदांचा असतो. वीज बंद होताच रॅममधील मजकूर नाहीसा होतो, याचे कारण हेच.

मेजावरील संगणकात रॅमच्या लांब पट्ट्या बसवल्या जातात. लॅपटॉपमध्ये तेवढी जागा नसल्याने त्याच पट्टीचा आखूड अवतार प्रचारात आला. त्यास एसओ-डिम असे म्हणतात. डीडीआर३ पिढीतील अशा पट्टीची लांबी ६७.६ मिलिमीटर असते, म्हणजे मेजावरील संगणकाच्या पट्टीच्या सुमारे निम्मी. या पट्ट्यांची मापे व विद्युतगुण जेडेक ही मानके ठरवणारी संस्था निश्चित करते. त्यामुळे एका उत्पादकाच्या लॅपटॉपमध्ये दुसऱ्याच उत्पादकाची पट्टी चालू शकते. स्मृतिवृद्धी हा सर्वसामान्य ग्राहकाच्या आवाक्यातील विषय झाला तो या मानकीकरणामुळे.

गरज ओळखणे

लॅपटॉप मंद चालणे आणि त्यात रॅम अपुरी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानात मात्र त्या नेहमी एकच मानल्या जातात. रॅम अपुरी पडते तेव्हा संचालन प्रणाली वापरात नसलेला भाग डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. यालाच स्वॅपिंग म्हणतात. रॅममधील माहिती मिळण्यास साधारणतः १०० नॅनोसेकंद किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो. जुन्या लॅपटॉपमधील हार्डडिस्क बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते. तिची एक फेरी ११.१ मिलिसेकंदांची असते, म्हणजे हवी ती जागा वाचकशीर्षाखाली येण्यास सरासरी ५.५ मिलिसेकंद लागतात आणि शीर्ष योग्य मार्गावर सरकण्याचा वेळ त्याहून निराळा. दोहोंतील अंतर लाखपटीच्या घरात जाते. म्हणूनच रॅम संपेपर्यंत ठीक चाललेला लॅपटॉप ती संपताच हळूहळू मंदावत नाही, तर एकाएकी अडून बसतो आणि हार्डडिस्कचा दिवा सतत लुकलुकत राहतो.

विंडोज ८ व त्यापुढील आवृत्त्यांत टास्क मॅनेजरमधील ‘परफॉर्मन्स’ या भागात मेमरी निवडल्यास एकूण रॅम, वापरातील रॅम आणि किती स्लॉटपैकी किती भरले आहेत हे सर्व एकत्र दिसते. नेहमीची कामे सुरू असताना वापर सातत्याने ८५–९० टक्क्यांच्या वर राहत असेल आणि त्याच वेळी डिस्कही सतत गुंतलेली दिसत असेल, तर रॅम अपुरी आहे असे मानण्यास हरकत नाही. लिनक्समध्ये ‘फ्री’ या आज्ञेने हेच आकडे मिळतात. तेथे ‘फ्री’ याच नावाच्या रकान्यातील आकडा पाहून अनेकांची दिशाभूल होते. लिनक्स रिकामी रॅम फायलींच्या तात्पुरत्या साठ्यासाठी वापरत असल्याने हा आकडा निरोगी यंत्रावरही लहानच असतो. पाहावयाचा तो ‘अव्हेलेबल’ हा रकाना.

एकेकाळी पुरेशी असलेली रॅम नंतर अपुरी का पडते, याचे उत्तर बऱ्याच अंशी ब्राउझरमध्ये आहे. २००८ मध्ये आलेल्या गूगल क्रोमने निरनिराळ्या टॅबसाठी स्वतंत्र प्रक्रिया चालवण्याची पद्धत रूढ केली. एक पान कोसळले तरी बाकीची शाबूत राहतात हा तिचा लाभ, तर प्रत्येक प्रक्रियेला लागणारी स्वतंत्र रॅम ही तिची किंमत. २०१८ मध्ये प्रोसेसरमधील स्पेक्टर हा सुरक्षादोष उघड झाल्यानंतर क्रोमने प्रत्येक संकेतस्थळ वेगळ्या प्रक्रियेत कोंडण्यास सुरुवात केली. त्यामुळे रॅमचा वापर १० ते १३ टक्क्यांनी वाढतो असे गूगलनेच तेव्हा नमूद केले होते. २०११ मध्ये ४ जीबी रॅमसह घेतलेला लॅपटॉप आज अडखळतो, त्यात लॅपटॉपच्या झिजेचा वाटा फारसा नसतो.

हार्डडिस्क असलेल्या जुन्या लॅपटॉपमध्ये आधी रॅम वाढवावी की हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवावी, हा प्रश्न नेहमी उपस्थित होतो. लॅपटॉप सुरू होण्यास व आज्ञावली उघडण्यास लागणारा वेळ एसएसडीने कमी होतो, रॅमने नाही. एकदा उघडलेल्या अनेक गोष्टी एकाच वेळी हाताळताना येणारा अडथळा रॅमने दूर होतो. २ जीबी रॅम असलेल्या यंत्रात आधी रॅम वाढवणे आणि ४ जीबी असलेल्या यंत्रात दोन्ही करणे हा व्यवहार्य मार्ग होय. ८ जीबी असूनही लॅपटॉप मंद असेल, तर दोष बहुधा डिस्कचा, धूळ साचून तापणाऱ्या पंख्याचा किंवा नको असलेल्या आज्ञावल्यांचा असतो आणि तेथे रॅमवर केलेला खर्च वाया जातो.

पट्टीचे प्रकार

लॅपटॉपची रॅम पिढ्यांनी ओळखली जाते आणि एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये चालत नाही. डीडीआर व डीडीआर२ या दोन्हींच्या पट्ट्यांना २०० पिना असतात, डीडीआर३ ला २०४, डीडीआर४ ला २६० आणि डीडीआर५ ला २६२. पट्टीच्या खालच्या कडेला असलेली खाच प्रत्येक पिढीत थोड्या वेगळ्या ठिकाणी असते, जेणेकरून चुकीची पट्टी स्लॉटमध्ये शिरूच नये. डीडीआर आणि डीडीआर२ यांच्या खाचांतील फरक इतका थोडा आहे की नजर चुकू शकते. अशा वेळी जोर लावल्यास स्लॉट तुटतो. विद्युतदाब मात्र प्रत्येक पिढीत उतरत गेला आहे: डीडीआर २.५ व्होल्ट, डीडीआर२ १.८, डीडीआर३ १.५, डीडीआर४ १.२ आणि डीडीआर५ १.१ व्होल्ट.

खरी गफलत होते ती डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांच्यात. मूळ डीडीआर३ चे मानक २००७ चे, १.३५ व्होल्टवर चालणारा डीडीआर३एल हा प्रकार २०१० मध्ये त्यात समाविष्ट झाला. दोहोंच्या पिना सारख्या, खाच सारखी, पट्टीचा आकारही तोच. डीडीआर३एलची पट्टी १.५ व्होल्टवरही चालू शकते, म्हणून ती जुन्या डीडीआर३ लॅपटॉपमध्ये सहसा चालून जाते. याच्या उलट मात्र घडत नाही. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या, म्हणजे २०१३ पासूनच्या, लॅपटॉप प्रोसेसरांना १.३५ व्होल्टचीच रॅम लागते, त्यांत १.५ व्होल्टची पट्टी बसते व्यवस्थित, पण लॅपटॉप बहुधा सुरूच होत नाही. शंका असल्यास डीडीआर३एल घेणे हा सुरक्षित पर्याय आहे.

पट्टीवरील चिठ्ठीत बहुतेक सर्व माहिती असते. उदाहरणार्थ, ‘४जीबी २आरएक्स८ पीसी३-१०६००एस-०९’ अशी नोंद असल्यास क्षमता ४ जीबी, पिढी डीडीआर३, कमाल वहनक्षमता सेकंदाला सुमारे १०,६०० एमबी आणि प्रकार एसओ-डिम असा तिचा अर्थ होतो. ‘पीसी३’ नंतर ‘एल’ हे अक्षर असल्यास ती १.३५ व्होल्टची पट्टी होय. ‘२आरएक्स८’ म्हणजे चिपांचे दोन गट असून प्रत्येक चिप एका वेळी ८ बिट देते. स्मृतीचा मार्ग ६४ बिट रुंद असल्याने एका गटात ८ चिपा, दोन गटांत १६. यावरून प्रत्येक चिप २ गिगाबिटची आहे हे कळते. ही घनता काही लॅपटॉपांत निर्णायक ठरते. तिचा विचार पुढील भागात केला आहे.

मर्यादांची साखळी

पहिली मर्यादा संचालन प्रणालीची. ३२ बिटांच्या पत्त्याने जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९६ बाइट, म्हणजे ४ जीबी, एवढ्याच जागा दर्शवता येतात. या पत्त्यांतील वरचा काही भाग ग्राफिक्स व अन्य उपकरणांशी बोलण्यासाठी राखीव असतो. परिणामी ३२ बिट विंडोज ७ असलेल्या लॅपटॉपमध्ये ४ जीबी रॅम बसवली तरी प्रत्यक्षात ३ ते ३.५ जीबीच वापरता येते. प्रोसेसरमधील पीएई या सोयीने ३२ बिट लिनक्स याहून अधिक रॅम वापरू शकते. मायक्रोसॉफ्टने घरगुती ३२ बिट आवृत्त्यांवर ४ जीबीची मर्यादा कायम ठेवली. ६४ बिट आवृत्ती घातल्यास हा अडसर दूर होतो. तरीही विंडोज ७ च्या होम बेसिकला ८ जीबी व होम प्रीमियमला १६ जीबी अशी मर्यादा राहते. ही मर्यादा तांत्रिक नसून निव्वळ विक्रीच्या धोरणातून आलेली आहे, कारण त्याच प्रणालीची प्रोफेशनल आवृत्ती १९२ जीबीपर्यंत रॅम स्वीकारते.

दुसरी मर्यादा स्मृतिनियंत्रकाची, म्हणजे प्रोसेसर व रॅम यांच्यात देवाणघेवाण घडवणाऱ्या परिपथाची. २०१० पूर्वीच्या इंटेल लॅपटॉपांत तो प्रोसेसरबाहेर, चिपसेटमध्ये असे. त्यामुळे प्रोसेसर सक्षम असूनही चिपसेट आखूड पडण्याचे प्रसंग येत. याचे ठळक उदाहरण म्हणजे २००६ मध्ये आलेला इंटेल ९४५जीएम हा चिपसेट. त्यासोबत दिला गेलेला कोअर २ ड्युओ प्रोसेसर ६४ बिटचा होता, त्यावर ६४ बिट संचालन प्रणालीही चालत असे आणि दोन स्लॉटांत २-२ जीबीच्या पट्ट्याही बसत. मात्र उपकरणांसाठी राखलेल्या पत्त्यांखाली झाकली गेलेली रॅम ४ जीबीच्या वर उचलून ठेवण्याची सोय या चिपसेटमध्ये नव्हती. म्हणून प्रणाली कोणतीही असो, ३ जीबीहून थोडी अधिक रॅमच हाती लागते. या यंत्रांवर चौथ्या जीबीसाठी नवी प्रणाली घालण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. त्याच काळातील ॲटम प्रोसेसरच्या नेटबुकांत तर एन२७० किंवा एन४५० असल्यास २ जीबी हीच कमाल मर्यादा होती.

एएमडीने २००३ मध्ये स्मृतिनियंत्रक प्रोसेसरमध्येच आणला होता. इंटेलच्या लॅपटॉप प्रोसेसरांत हा बदल २०१० च्या पहिल्या कोअर आय पिढीपासून दिसू लागला. तेव्हापासून कमाल रॅमचा आकडा प्रोसेसरच्या माहितीपत्रकात मिळतो: २०१० च्या आय५-५२०एमसाठी ८ जीबी, २०११ च्या आय५-२५२०एमसाठी १६ जीबी, २०१२ च्या आय५-३३२०एमसाठी ३२ जीबी. यातील शेवटचा आकडा जपून वाचावा लागतो. ३२ जीबी म्हणजे ८ जीबीच्या चार पट्ट्या. दोनच स्लॉट असलेल्या लॅपटॉपमध्ये १६ जीबीच्या दोन पट्ट्या घालून ही बेरीज साधत नाही.

त्याचे कारण तिसऱ्या मर्यादेत, म्हणजे चिपांच्या घनतेत आहे. ८ जीबीच्या डीडीआर३ पट्टीवर ४ गिगाबिटच्या १६ चिपा असतात. १६ जीबीची पट्टी करण्यासाठी ८ गिगाबिटच्या चिपा लागतात आणि दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरांतील नियंत्रकांना अशा चिपांचे पत्ते हाताळता येत नाहीत. पाचव्या पिढीपासून ते शक्य झाले. बाजारात १६ जीबीची डीडीआर३एल पट्टी मिळते, ती स्लॉटमध्ये बसतेही. परंतु जुन्या यंत्रात ती निरुपयोगी ठरते.

उत्पादकाने छापलेली मर्यादा मात्र नेहमीच अंतिम नसते. लॅपटॉप बाजारात आला त्या वेळी उपलब्ध असलेल्या व तपासून पाहिलेल्या पट्ट्यांनुसार ती लिहिलेली असते. ॲपलने २०१२ च्या मध्यास आलेल्या १३ इंची मॅकबुक प्रोसाठी ८ जीबी ही मर्यादा जाहीर केली होती. त्यातील प्रोसेसर १६ जीबी हाताळू शकत असल्याने ८ जीबीच्या दोन पट्ट्या त्यात सुरळीत चालतात आणि असंख्य वापरकर्त्यांनी त्या वापरल्या आहेत. थोडक्यात, छापील मर्यादा ओलांडणे शक्य असते, नियंत्रकाची नाही. यास अपवाद बायोसचा: काही लॅपटॉपांत बायोसच ठरावीक आकड्यापलीकडे रॅम ओळखत नाही. खरेदीपूर्वी बायोसची अखेरची आवृत्ती घालून ठेवणे याचसाठी हितावह ठरते.

एक मर्यादा अशीही आहे की जिच्यावर रॅमचा इलाज चालत नाही. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम पुरते, परंतु त्यासाठी टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढील प्रोसेसर आवश्यक असतो. २०११ च्या लॅपटॉपमध्ये १६ जीबी रॅम घातली तरी तो विंडोज ११ साठी अधिकृतरीत्या पात्र ठरत नाही, आणि विंडोज १० चे नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. अशा यंत्राचे आयुष्य वाढवायचे झाल्यास स्मृतिवृद्धीसोबत लिनक्सचा विचार करणे क्रमप्राप्त आहे.

दुहेरी वाहिनी आणि वेग

लॅपटॉपमधील दोन स्लॉट बहुधा दोन स्वतंत्र वाहिन्यांना जोडलेले असतात. दोन्हींत पट्ट्या असल्यास नियंत्रक एकाच वेळी दोहोंकडून माहिती घेतो. डीडीआर३-१३३३ ची एक पट्टी सेकंदाला सुमारे १०.६ जीबी माहिती वाहते, दोन पट्ट्या २१.३ जीबी. लेखन, ब्राउझर इत्यादी कामांत हा दुपटीचा फरक जाणवतही नाही. प्रोसेसरमधील अंतर्गत ग्राफिक्सला मात्र स्वतःची रॅम नसते. ती मुख्य रॅममधूनच वाटा घेते. त्यामुळे चित्रफितींचे संपादन व खेळ यांत फरक स्पष्ट दिसतो. म्हणून ८ जीबीची एकच पट्टी घेण्यापेक्षा ४-४ जीबीच्या दोन घेणे वेगाच्या दृष्टीने सरस. पुढे १६ जीबीपर्यंत जायचे असल्यास मात्र ८ ची एक पट्टी घेऊन दुसरा स्लॉट मोकळा ठेवणे किंवा त्यात मूळची ४ ची पट्टी राहू देणे किफायतशीर ठरते. ४ आणि ८ अशा विषम जोडीत इंटेलचे नियंत्रक पहिले ८ जीबी दुहेरी वाहिनीने व उरलेले ४ जीबी एकेरी वाहिनीने वापरतात. विषम जोडी चालतच नाही हा समज निराधार आहे.

अधिक वेगाच्या पट्टीवर जादा पैसे घालण्याचे कारण सहसा नसते. नियंत्रकाच्या कमाल वेगापेक्षा जलद पट्टी बसवल्यास ती आपोआप खालच्या वेगाने चालते. थिंकपॅड एक्स२२० या २०११ च्या लॅपटॉपमध्ये आय५-२५२०एम असल्यास १६०० ची पट्टी १३३३ वरच चालते. शिवाय विलंबाचे गणित पाहिले तर ‘१३३३’ ची ९ आवर्तनांची प्रतीक्षा म्हणजे १३.५ नॅनोसेकंद आणि ‘१६००’ ची ११ आवर्तनांची प्रतीक्षा म्हणजे १३.७५ नॅनोसेकंद. पहिला शब्द हाती येण्यास दोन्हींना जवळपास सारखाच वेळ लागतो.

प्रत्यक्ष बदल

प्रथम लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढावा लागतो. केवळ झोपवलेल्या अवस्थेत रॅमला वीज मिळत असते, म्हणून ती अवस्था पुरेशी नाही. त्यानंतर बॅटरी काढतात. ती आतून जोडलेली असल्यास तिची पिन सोडवतात आणि मग चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून परिपथातील उरलेला भार निचरू देतात. रॅमचे स्लॉट कोठे आहेत हे प्रत्येक लॅपटॉपमध्ये वेगळे असते. एक्स२२० मध्ये ते तळाच्या छोट्या झाकणाखाली आहेत. काहींत एक स्लॉट तळाशी तर दुसरा कळफलकाखाली असतो. काहींचा सगळा तळ उघडावा लागतो. दुसरा स्लॉट कळफलकाखाली आहे हे ठाऊक नसल्याने ‘या लॅपटॉपला एकच स्लॉट आहे’ असे सांगितले जाण्याची उदाहरणे थोडी नाहीत.

स्थिर विद्युत हा येथील खरा शत्रू. माणसाच्या बोटाला झटका जाणवण्यासाठी सुमारे ३,००० व्होल्ट लागतात. चिपेला इजा होण्यास त्याहून पुष्कळ कमी दाब पुरतो. म्हणजेच झटका न जाणवता नुकसान होऊ शकते. हवा कोरडी असताना ही शक्यता वाढते, त्यामुळे विदर्भातील उन्हाळ्यात कोकणातील पावसाळ्यापेक्षा अधिक काळजी घ्यावी लागते. पट्टीला हात लावण्यापूर्वी जमिनीशी जोडलेल्या धातूला स्पर्श करणे, पट्टी कडांनी धरणे आणि सोनेरी पिनांना बोट न लावणे एवढी दक्षता घरगुती कामासाठी पुरेशी आहे.

पट्टीच्या दोन्ही बाजूंचे चिमटे बाहेर सारले की ती आपोआप तिरकी वर येते. नवी पट्टी खाच जुळवून साधारण ३० अंशांच्या कोनात पूर्ण आत सरकवतात आणि मग खाली दाबतात. चिमट्यांचा ‘टक’ असा आवाज आला की ती बसली. सोनेरी पिनांची रुंद पट्टी बाहेर दिसत राहिली, तर पट्टी अर्धवट बसली आहे असे समजावे. बदलानंतर लॅपटॉप सुरू करताना पडदा काही काळ काळा राहू शकतो. प्रत्येक पट्टीवरील एका लहान चिपेत तिची क्षमता, वेग व विलंब यांची नोंद असते. बायोस ती वाचून नव्या रॅमशी संकेतांच्या वेळा जुळवून घेतो. या वेळी घाबरून लगेच वीज तोडू नये.

लॅपटॉप सुरूच झाला नाही किंवा ठरावीक सुरात बीप वाजवू लागला, तर एकेक पट्टी एकेका स्लॉटमध्ये घालून पाहिल्याने दोष पट्टीचा की स्लॉटचा हे कळते. भारतातील दुरुस्तीच्या दुकानांत रॅमच्या पिना खोडरबराने घासण्याची जुनी रीत आहे. पुष्कळदा तिचा गुण येतो, कारण पिनांवरील चिकट थर निघतो; कित्येकदा पट्टी नुसती काढून पुन्हा बसवल्यानेही तेच साधले असते. वाळूमिश्रित कडक खोडरबर सोन्याचा पातळ मुलामा खरवडतो आणि त्याचे कण स्लॉटमध्ये अडकतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेले न सुटणारे कापड याहून केव्हाही चांगले.

चाचणी आणि जुन्या पट्ट्यांची खरेदी

सदोष रॅम ही पूर्ण बंद पडलेल्या रॅमपेक्षा अधिक घातक असते. एखादाच बिट अधूनमधून बदलत असेल, तर लॅपटॉप चालत राहतो. मात्र फायली जतन होताना त्यांत चूक शिरते आणि ती कित्येक महिन्यांनी, छायाचित्र किंवा हिशेबाची फाइल उघडताना उघडकीस येते. लॅपटॉपच्या सर्वसाधारण रॅममध्ये चूक शोधून दुरुस्त करण्याची सोय नसते. म्हणून नवी असो वा जुनी, पट्टी बसवल्यावर तिची चाचणी घेणे अगत्याचे आहे. विंडोज व्हिस्टापासून त्यात मेमरी डायग्नोस्टिक हे साधन अंतर्भूत आहे. त्याहून कसून तपासणी मेमटेस्ट८६+ ही मुक्त आज्ञावली करते. ती यूएसबीवरून संचालन प्रणालीविना चालते. तिच्या सर्व चाचण्यांची किमान एक पूर्ण फेरी, शक्यतो रात्रभर, चालू द्यावी. एकही चूक दिसल्यास पट्टी परत करणे हाच उपाय. ‘एवढीशी चूक चालते’ हे विक्रेत्याचे म्हणणे ग्राह्य धरू नये.

डीडीआर२ व डीडीआर३ च्या पट्ट्या मुख्यत्वे जुन्या लॅपटॉपांतून काढलेल्या स्वरूपात मिळतात. मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्ग, आणि दिल्लीत नेहरू प्लेस ही संगणकाच्या सुट्या भागांची प्रसिद्ध ठिकाणे होत. जुनी पट्टी घेणे गैर नाही; रॅममध्ये झिजणारे हलते भाग नसतात आणि पहिली काही वर्षे नीट चाललेली पट्टी सहसा पुढेही चालते. पाहावयाचे ते इतकेच: चिठ्ठी फाडून नवी चिकटवलेली नाही ना, तिच्यावरील क्षमता चिपांच्या संख्येशी जुळते का, आणि चाचणीत चूक निघाल्यास पट्टी बदलून मिळण्याची बोली झाली आहे का. शक्य असेल तेव्हा लॅपटॉपच सोबत नेऊन दुकानातच पट्टी बसवून पाहणे सर्वांत खात्रीचे. काढलेली जुनी पट्टी फेकून न देता राखून ठेवावी. पुढे बिघाड झाल्यास पडताळणीसाठी ती उपयोगी पडते.

सोल्डर केलेली रॅम

वरील सर्व विवेचन रॅम काढता येण्याजोगी आहे असे गृहीत धरते. २००८ मधील पहिल्या मॅकबुक एअरमध्ये २ जीबी रॅम थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेली होती. जून २०१२ मध्ये आलेल्या रेटिना पडद्याच्या मॅकबुक प्रोमध्येही ॲपलने हाच मार्ग स्वीकारला आणि पडताळणीदाखल वर उल्लेखिलेला १३ इंची मॅकबुक प्रो हा रॅम बदलता येणारा ॲपलचा अखेरचा लॅपटॉप ठरला. त्याची विक्री २०१६ पर्यंत सुरू होती. २०११ नंतर आलेल्या अल्ट्राबुक वर्गातील अनेक लॅपटॉपांनी हीच वाट धरली. काहींत ४ जीबी सोल्डर केलेली आणि शिवाय एक स्लॉट अशी मिश्र रचना असते. तेथे केवळ स्लॉटमधील पट्टी बदलता येते.

या बदलामागे केवळ नफ्याचा हेतू आहे असे म्हणणे एकांगी ठरेल. कमी वीज खाणाऱ्या एलपीडीडीआर प्रकारच्या रॅमला प्रोसेसरच्या अगदी निकट असावे लागते आणि एसओ-डिमच्या स्लॉटमधून तिचे संकेत शुद्ध राहत नाहीत. जाडी व बॅटरीचा काळ यांत त्याचा लाभ होतो. दुसरीकडे, खरेदीच्या दिवशी निवडलेली क्षमताच यंत्राच्या अखेरपर्यंत राहते आणि त्या वेळी जादा क्षमतेसाठी उत्पादक सांगेल ती किंमत मोजावी लागते, हेही तितकेच खरे. सोल्डर केलेल्या चिपा बदलणे अशक्य नाही. पण त्यासाठी चिपांखालचे टाके वितळवणारे यंत्र, नेमक्या चिपा आणि बहुधा बायोसमधील नोंदींत फेरफार लागतो. एका चुकीत मदरबोर्ड जातो.

या कोंडीवर तोडगा म्हणून डेलने २०२२ मध्ये कॅम नावाची सपाट, स्क्रूने दाबून बसवायची नवी पट्टी आणली. तिच्यावर आधारित कॅम२ हे मानक जेडेकने डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केले. तिच्या एलपीकॅम२ या प्रकारात एलपीडीडीआर५एक्स रॅमही काढता-घालता येते आणि एकाच पट्टीत दुहेरी वाहिनीची रुंदी मिळते. लेनोवोचा २०२४ मधील थिंकपॅड पी१ जेन ७ हा ती वापरणाऱ्या पहिल्या लॅपटॉपांपैकी एक होय. एसओ-डिमचे स्लॉट असलेल्या जुन्या लॅपटॉपांत मात्र ही पट्टी बसत नाही.